टायर वरून कोरा, आतून धागे बाहेर! अलाइनमेंट हिरवं असूनही टायर का खातोय?

कुंभार्लीचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. धागा काढायला कारण टायरचाच धागा. तोच बाहेर आलाय.

परवा डावीकडचं पुढचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाक उतरवलं, पाण्यात घालायच्या आधीच थांबला आणि म्हणाला, "साहेब, पंक्चर राहू दे, आधी हे बघा." टायर उलटा धरून दाखवला. बाहेरून नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. आतल्या कडेला मात्र दोन बोटं रुंदीचा पट्टा गुळगुळीत, आणि एका जागी रबर संपून चक्क तारा दिसतायत. ह्याच टायरवर मी आदल्या रविवारी बायको-पोरांना घेऊन कुंभार्ली घाट उतरलो होतो. घरी अजून सांगितलेलं नाही.

गाडीची माहिती: पेट्रोल हॅचबॅक, पुढची चाकं ओढणारी, टायर 165/80 आर 14, चाललेत 21,000 किमी. महिन्यातून दोनदा चिपळूण–कराड, बाकी गावातल्या गावात. हवा दर आठवड्याला 33, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलीये तेवढीच. दर 5,000 किमीला अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून जुळवणं) करतो, शेवटच्या तिन्ही वेळच्या प्रिंट जपून ठेवल्यात, 'टो'चे (चाकं सरळ समोर बघतात का, त्याचे) आकडे सगळे हिरवे, म्हणजे मर्यादेत. गाडी कुठे ओढत नाही, हायवेवर क्षणभर हात सोडला तरी सरळ जाते. उजवीकडचा टायरही आतून जरा जास्त झिजलाय, पण डाव्याइतका नाही. मागचे दोन्ही एकदम ठीक.

दुकानदार म्हणतो कॅम्बर (चाकाचा उभा कल) आउट आहे, वेगळे 1,200 रुपये पडतील. मेव्हणा म्हणतो टायरच हलका होता. नवे टायर घालायला माझी ना नाही, पण कारण न शोधता घातले तर पुढच्या वर्षी हाच धागा पुन्हा काढावा लागेल.

निवांत_नाशिककर

हवा कमी असणार. पंपावरच्या गेजवर विश्वास ठेवू नका.

पाना_नंबर_14

नाशिककर, हवा कमी असली तर टायर दोन्ही कडांनी झिजतो, मधला भाग राहतो. हवा जास्त असली तर मधोमध गोटा होतो आणि कडा राहतात. एकाच कडेला झिजला की हवेचा संशय सोडायचा आणि चाकाच्या कोनाकडे बघायचं. कोल्हापुरात माझं स्वतःचं गॅरेज आहे. रोज दोन-तीन गाड्या हीच तक्रार घेऊन येतात.

वाटसरू, पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची तपासणी करा. तो टायर आडवा ठेवा आणि नक्षीवरून तळहात सावकाश फिरवा. आधी आतल्या कडेकडून बाहेर, मग बाहेरून आत. दोन्ही वेळा सारखंच लागतं की एका दिशेला बोटं अडतात, ते सांगा. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यावर कळतं ना, तसं कळेल. तारा निघाल्यात तिथे हात नेऊ नका, बोट फाटेल.

कुंभार्लीचा_वाटसरू

आत्ताच करून आलो. आतून बाहेर नेला तर हात घसरत जातो. बाहेरून आत आणला की प्रत्येक पट्ट्याची कड बोटाला लागते, करवतीच्या बोथट दातांसारखी. हे इतके महिने माझ्या हाताखाली होतं आणि मी प्रिंट बघत बसलो होतो!

पाना_नंबर_14

मग निम्मं निदान झालं. हा टो-आउट.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी: गाडी वरून बघतोय असं समजा. पुढच्या दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन, एकमेकांपासून फाकलेली असली तर टो-आउट, म्हणजे फेंगडी चाल. गाडी सरळ चाललीये, पण चाकाचं तोंड किंचित दुसरीकडे. मग चाक फिरतही राहतं आणि आडवं घासलंही जातं. टो-इनमध्ये जास्त करून बाहेरची कड जाते, टो-आउटमध्ये आतली. घासण्याच्या दिशेला असलेली प्रत्येक पट्टीची कड गोल होते, विरुद्ध कड धारदार राहते. तुमच्या बोटांना लागतेय ती ती धार.

कॅम्बर म्हणजे चाक समोरून बघताना वरून आत किंवा बाहेर कललेलं असणं. ओळंबा धरून बघतात तसं. चाक वरून आत कललं (निगेटिव्ह) तर आतली कड जास्त भार घेते आणि तीच झिजते. पण नुसत्या कॅम्बरने झिजलेली कड गुळगुळीत असते, अशी करवत येत नाही.

आणि टो किती लबाड आहे त्याचा हिशेब देतो. समजा दोन्ही चाकं मिळून 3 मिमी टो-आउट आहे, रिमच्या कडेला मोजून. एका चाकाच्या वाट्याला दीड मिमी. 14 इंची रिमची कडेपासून कडेपर्यंत लांबी धरा साधारण 380 मिमी. म्हणजे चाक एक मीटर पुढे गेलं की सुमारे 4 मिमी आडवं जायला बघतं. किलोमीटरला 4 मीटर. 21,000 किमीला 84 किमी! रबर लवचिक असतं, ते आधी वाकतं, मग सरकतं, त्यामुळे सगळंच काही घासत नाही. तरी विचार करा, टायर चिपळूणहून आडवा ओढत घाट चढवून पाटणच्या पुढे नेला तर त्याचं काय होईल?

सौ_सारथी

ते 1,200 रुपये देऊ नका हो दादा! माझा अनुभव ऐका.

गेल्या पावसाळ्यानंतर मी अलाइनमेंटला गेले. काम नुसतं टायर पुढे-मागे करण्याचं. अर्ध्या तासाने मुलगा येऊन म्हणतो, "मॅडम, कॅम्बर लाल दाखवतंय, करावं लागेल, नाहीतर टायर फुटेल." मी विचारलं, करणार म्हणजे नक्की काय करणार? तर म्हणाला, मशीनने सेट होतं. मी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राहिले. मशीन म्हणजे एक हायड्रॉलिक जॅक आणि जाडजूड हूक! तो चाकामागे अडकवून त्यांनी जॅक मारायला सुरुवात केली आणि धातूचा असा काही आवाज आला की मी तिथेच थांबवलं. नंतर गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधलं. माझ्या मॉडेलमध्ये पुढे फक्त टो ॲडजस्ट होतो. म्हणजे हे लोक नट-बोल्ट फिरवून काही सेट करत नाहीत, सरळ पार्ट वाकवतात. बाई एकटी आली की घाबरवायचं, एवढं ह्यांना बरोबर कळतं.

निवांत_नाशिककर

वाकवतात??

पाना_नंबर_14

वाकवतात. ताई बरोबर बोलतायत. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाक धरून ठेवणारा उभा शॉकअप) असतो आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा). पुढे टाय रॉडचा (स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) लॉकनट सैल करून टो बदलता येतो. कॅम्बर बदलायची सोय बऱ्याच गाड्यांत नसते. काहींत शॉकअप आणि नकल (ज्यावर चाक बसतं तो लोखंडी भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकात थोडी जागा असते, काहींना त्यासाठी वेगळा बारीक किंवा एका बाजूला फुगीर (कॅम) बोल्ट मिळतो. मागच्या बीमला तर काहीच फिरवता येत नाही. हूक लावून जॅक मारला की शॉकअपचा नळा नाहीतर नकल वाकतो. प्रिंटवरचा आकडा हिरवा होतो, पण धातू एकदा वाकला की त्याच्या ताकदीचा भरवसा राहत नाही. मी स्वतः हे करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मात्र कॅम्बर लाल आहे हे खोटं असेलच असं नाही. उपाय चुकीचा, म्हणून निदान चुकीचं होत नाही. वाटसरू, तुमच्याकडच्या शेवटच्या प्रिंटवरचे सगळे आकडे इथे टंका. नुसता टो नको.

वऱ्हाडी_ठेचा

माह्या गाडीले बी असंच झालतं भाऊ. मी तं सरळ नवे टायर टाकले अन् समृद्धीवर काढली. 120 नं चाललो होतो, सिमेंटचा रस्ता, मे महिन्याचं ऊन. जालन्याच्या अलीकडं आवाज बदलला म्हणून थांबलो तं आतली कड पुन्हा गेलेली. नवे टायर टाकून 6,000 किमी बी झाले नव्हते. टायर बदलून टायरचा रोग जात नाही बाप्पा.

कुंभार्लीचा_वाटसरू

घ्या आकडे. शेवटची प्रिंट, काम झाल्यानंतरचा रकाना:

एकूण टो: 0°02′ (हिरवा)
डावा टो 0°01′, उजवा टो 0°01′ (हिरवे)
कॅम्बर डावा −1°35′, उजवा −0°30′
कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल) दोन्हीकडे जवळपास सारखा.

डावा कॅम्बर लाल आहे, आत्ता पाहिला. तेव्हा मुलाने "ह्या गाडीत तो होत नाही" असं म्हणून प्रिंट घडी करून हातात दिली होती आणि मीही खिशात घातली होती. आधीच्या दोन प्रिंटा काढल्या, त्यातही तेच.

पाना_नंबर_14

डाव्या-उजव्यात एका अंशाहून जास्त फरक. कारखान्यातून गाडी अशी निघत नाही. कुठला खड्डा आठवतोय का?

कुंभार्लीचा_वाटसरू

कुठला म्हणून सांगू! :) पण एक आठवतो. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये घाटात, पाण्याने भरलेला, कळलाच नाही. डावं पुढचं चाक धाडकन आत. रिमला किंचित पोचा आला होता, तो काढून घेतला, बॅलन्सिंग केलं आणि विसरलो.

पण मग गाडी एका बाजूला ओढायला नको का? ती तर सरळ जाते.

पाना_नंबर_14

इथेच लोक फसतात. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे प्रत्येक गाडी किंचित डावीकडे जायला बघते. कॅम्बरमध्ये फरक असेल तर गाडी ज्या बाजूला कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह आहे तिकडे जाते. तुमच्याकडे ती बाजू उजवी. रस्ता डावीकडे ढकलतोय, कॅम्बर उजवीकडे, म्हणून गाडी सरळ! दोन चुकांची वजाबाकी शून्य आली एवढंच.

रस्ता रिकामा आणि खरंच सपाट मिळाला तर 40 च्या वेगात बघा. स्टीअरिंगपासून हात लांब नेऊ नका.

कुंभार्लीचा_वाटसरू

रविवारी सकाळी एमआयडीसीत रस्त्याच्या बरोबर मधोमध चालवून पाहिली, शेजारी मेव्हणा. गाडी उजवीकडे जाते. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा उजवीकडेच. (चाललो होतो स्टेपनीवर. तारा निघालेला टायर डिकीत.) मेव्हण्याने टायर कंपनीवरचे आरोप मागे घेतलेत.

पण एक कोडं राहतंच. कॅम्बरमुळे आतली कड झिजली हे पटलं. मग ती करवत? टो तर हिरवा आहे, 0°02′.

एसटीवाला_आजोबा

धागा चवीने वाचतोय. 31 वर्षं एस.टी.च्या आगारात यांत्रिक म्हणून काढली, आता नातवाच्या फोनवर टंकतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आमच्या वेळी मशीन नव्हतं. बसला पुढे अखंड लोखंडी ॲक्सल, त्यामुळे कॅम्बरचा प्रश्न सहसा यायचा नाही, आला म्हणजे ॲक्सल नाहीतर किंग पिन (चाक ज्यावर वळतं ती जाड पिन) गेली. राहिला टो. चाक जॅकवर उचलायचं, फिरवायचं, नक्षीवर खडू धरून पांढरा पट्टा ओढायचा आणि त्यावर खिळ्याने बारीक रेघ मारायची. दोन्ही चाकांना तसं करून गाडी खाली सोडायची, थोडी पुढे ढकलून घ्यायची. मग दोन रेघांमधलं अंतर चाकाच्या मध्याच्या उंचीवर पुढून मोजायचं आणि मागून मोजायचं. दोन्हीतला फरक म्हणजे टो. खडू, खिळा आणि टेप. लहान गाड्यांना काही मिस्त्री चारी चाकांना सुतळी ताणून बघायचे, तेही चालतं.

पण टेप हातात घेण्याआधी आमचे हेडमेकॅनिक चाक हलवायला लावायचे. वर-खाली धरून हलव, डावी-उजवीकडे धरून हलव. जरा जरी खडखड लागली तर म्हणायचे, टेप खिशात घाल, आधी ही खडखड काढ. सैल सांध्यावर मोजमाप घेणं म्हणजे हलत्या पाळण्यातल्या पोराची उंची मोजणं.

वाटसरू बेटा, मशीनने तुझी गाडी उभी असताना मोजली. टायर झिजतो गाडी पळताना आणि ब्रेक दाबताना. घाट उतरताना तू सतत ब्रेकवर असणार. लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलेला असेल तर ब्रेक दाबला की चाक आर्मसकट मागे सरकतं, टाय रॉड मात्र जागेवर राहतो, आणि टो बदलतो. ब्रेक सोडला की चाक परत जागेवर. मशीनवर गेलं की हिरवं. आधी बुश बघून घे.

पाना_नंबर_14

आजोबा, नमस्कार घ्या. मी कॅम्बरवर अडकलो होतो, बुशचं आधी विचारायला हवं होतं. लोअर आर्मचा मागचा मोठा बुश ह्या प्रकारच्या गाड्यांत नेहमी फाटतो. चाक हाताने हलवून तो सहज कळत नाही. गाडी लिफ्टवर घेऊन आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडलाय त्या चौकटीच्या) मधे पहार घालून दाबावं लागतं, मग रबर उघडतं आणि चीर दिसते. टाय रॉड एंड आणि खालचा बॉल जॉइंटही त्याच वेळी बघून घ्या.

म्युनिककर

इकडे जर्मनीत वर्षातून दोनदा टायर बदलायला लागतात, हिवाळी आणि उन्हाळी. लोकांचा ठोकताळा 'ओ ते ओ', म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न (ईस्टर). कटकट आहे, पण फायदा असा की सहा महिन्यांनी चारही चाकं हातात येतात आणि आतली कड आपोआप दिसते. भारतात असताना मी पाच वर्षांत एकदाही आतली कड पाहिली नव्हती. ती बघायची कुठे? चाक सरळ असताना तर मडगार्डच्या आत लपलेली असते.

सौ_सारथी

स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी उभी केली की दिसते की! एका बाजूला वळवलं की एका चाकाची आतली कड मागून दिसते, दुसऱ्या बाजूला वळवलं की दुसऱ्याची. मी दर महिन्याला मोबाइलचा टॉर्च लावून फोटो काढते. मागच्या चाकांसाठी मात्र फोन खाली नेऊन अंदाजाने फोटो काढावा लागतो. शेजारच्यांना वाटतं मांजर शोधतेय.

निवांत_नाशिककर

माझा प्रश्न राहून गेला. माझे टायर बाहेरून झिजतायत, दोन्ही पुढचे. मग टो-इन का?

पाना_नंबर_14

आधी हात फिरवा. करवत नसेल आणि तुम्ही घाटात वळणावर जोरात घालत असाल तर ते वळणांचं झिजणं. वळताना सगळा भार बाहेरच्या चाकाच्या बाहेरच्या खांद्यावर येतो. सप्तशृंगी गडाला फार जाता का?

निवांत_नाशिककर

दर पौर्णिमेला. :)

कुंभार्लीचा_वाटसरू

आज गाडी लिफ्टवर घेतली. ह्या वेळी अलाइनमेंटवाला सोडून नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला. पहार घातल्यावर रबर तोंड उघडून आमच्याकडे बघत होतं. मिस्त्रीने मेव्हण्याला आत बसवून ब्रेक दाबायला लावला आणि चाक मागच्या बाजूला ढकललं, तर चाक डोळ्यांना दिसेल इतकं सरकलं. उजवा बुश तडकलेला, पण धरून होता. आजोबा, मोबाइलवर तुमचा प्रतिसाद मिस्त्रीला वाचून दाखवला. तो म्हणाला, "हे आमच्या वस्तादांचंच बोलणं आहे."

दुसरं, डावा शॉकअप वाकलेला. नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं. सोडवून नव्याच्या शेजारी उभा केला तेव्हा कळलं. नकलला काही झालेलं नव्हतं. म्हणजे कॅम्बर खरंच आउट होता आणि दुकानदार त्या बाबतीत खरं बोलत होता. पण त्याने जॅक मारून तो हिरवा केला असता तर वाकलेला शॉकअप उलटा वाकवून मला परत मिळाला असता आणि फाटका बुश तसाच राहिला असता.

काम: दोन्ही बाजूंचे शॉकअप (मिस्त्री म्हणाला एकच नवा घातला तर एक बाजू मऊ, एक कडक), दोन्ही लोअर आर्म बुश. टाय रॉड एंड ठीक निघाले. मग दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट. डावा कॅम्बर −0°40′, उजवा −0°30′. कॅम्बरला कुणी हातही लावला नाही.

खर्च टायरच्या जोडीपेक्षा जास्त झाला. त्यावर घरी झालेली चर्चा इथे देत नाही.

पाना_नंबर_14

उत्तम. बुश घट्ट करताना गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर होती ना? आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात पुन्हा फाटतं. मिस्त्रीला विचारा.

कुंभार्लीचा_वाटसरू

विचारलं. आधी ढिला ठेवून, खाली उतरवून, मग आवळला. "एवढं कळतं आम्हाला," असं वरून ऐकूनही घेतलं.

आता नवे टायर. दोनच घेतोय. ते पुढेच घालायचे ना?

वऱ्हाडी_ठेचा

पुढंच. इंजिन पुढं, ओढनं पुढं, स्टीअरिंग पुढं.

म्युनिककर

नाही, मागे! टायर कंपन्या हेच सांगतात. पावसाळ्यात कमी नक्षीचे टायर पाण्यावर तरंगले तर आधी कुठली चाकं तरंगलेली चालतील ह्याचा विचार करा. पुढची तरंगली तर गाडी सरळ जायला बघते, तुम्ही वेग कमी करून सावरू शकता. मागची तरंगली तर शेपूट बाहेर येतं आणि गाडी गोल फिरते. घाटात दुसरं परवडणार नाही. तुमचे मागचे टायर ठीक आहेत म्हणालात, ते पुढे आणा.

एसटीवाला_आजोबा

म्युनिकवाल्यांशी सहमत. शिवाय पुढे काही बिघाड उरलाच असेल तर तो आधी जुन्या टायरवर कळेल, नव्या टायरचे पैसे तरी वाचतील. पण नक्षी 1.6 मिमीच्या वर आहे ना ते बघून घे. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बाद. कायदाही कारला तेवढंच सांगतो. आणि बाजूला चार आकडे कोरलेले असतील, आठवडा आणि वर्ष. 3219 म्हणजे 2019 चा 32 वा आठवडा. स्टेपनीवरही बघ. लोक स्टेपनीचं वय विसरतात.

कुंभार्लीचा_वाटसरू

स्टेपनी 1116 निघाली! पहिल्या मालकाने कधी जमिनीला लावली नसावी, केस अजून उभे आहेत. आणि ह्याच टायरवर मी एमआयडीसीत चाचण्या घेत होतो. पण बाजूंना बारीक भेगा. म्हणजे आता तीन टायर.

सौ_सारथी

प्रिंट वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट, मी ह्यात एकदा फसलेय. काही मशीन अंश-मिनिटांत दाखवतात, काही दशांशात. 0°10′ आणि 0.10° एक नाहीत. 60 मिनिटांचा एक अंश, म्हणजे 0°10′ झाले 0.17°. मॅन्युअलमधला आकडा एका पद्धतीत आणि प्रिंट दुसऱ्या पद्धतीत असली तर उगाच भांडण होतं. माझं झालं होतं. माझीच चूक होती, आणि मी ती तिथे कबूल केली नाही.

निवांत_नाशिककर

आणि स्टीअरिंग वाकडं राहिलं तर टायर खातो का?

पाना_नंबर_14

एकूण टो बरोबर असेल तर नाही. डावा-उजवा वाटणी चुकली की गाडी सरळ जाताना स्टीअरिंग तिरकं दिसतं, पण पळताना दोन्ही चाकं आपली वाटणी आपणच सारखी करून घेतात. काम अर्धवट झालंय एवढं नक्की, परत नेऊन करून घ्या. मागचा बीम वाकला असेल तर मात्र प्रकरण वेगळं. तेव्हा गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि पुढचं कितीही केलं तरी स्टीअरिंग सरळ होत नाही.

कुंभार्लीचा_वाटसरू

3,200 किमी झाले. त्यात सहा वेळा कुंभार्ली, एकदा भर पावसात. पुढच्या टायरवर दर शनिवारी हात फिरवतो. दोन्ही दिशांना सारखंच लागतं. पोरगीही आता सोबत हात फिरवते आणि "बाबा, मांजर बरी आहे" म्हणून सांगते.

जुना टायर पंक्चरवाल्याने मागून घेतला. दुकानाबाहेर खिळ्याला टांगून ठेवलाय, आतली बाजू रस्त्याकडे करून.